स्विचमध्ये ब्रेक विसरला तर खालच्या केसही का चालतात?

तुम्ही विचारलंय की सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्विचमध्ये केस २ जुळली तरी केस ३ का चालते, आणि इफ-एल्सपेक्षा, म्हणजे अट तपासून वाट निवडणाऱ्या रचनेपेक्षा, स्विच वेगवान असतो का.

तालुक्याच्या क्लासमध्ये ‘स्विच म्हणजे इफ-एल्सचंच छोटं रूप’ असं सांगतात. ते चूक आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. स्विच कंसातली किंमत एकदाच काढतो आणि जुळणाऱ्या केसवर उडी मारतो. केस ही नुसती खूण आहे. उडी पडली की ओळी सरळ खाली चालत राहतात, मधल्या केसपाशी पुन्हा तपासणी होत नाही. थांबवतो तो ब्रेक किंवा रिटर्न.

कापूस खरेदीची पावती घ्या. क्विंटलमागे कपात शून्यापासून सुरू. केसचा आकडा म्हणजे कापसाची प्रत. केस १ मध्ये ० मिळवा, केस २ मध्ये ५०, केस ३ मध्ये १२०. ब्रेक एकही नाही. मग पहिल्या प्रतीच्या कापसाला १७० कपात, दुसरीलाही १७०, आणि सगळ्यात हलक्या तिसरीला १२०! कास्तकारानं चांगला माल आणला आणि त्यालाच फटका. तिसऱ्या प्रतीवर चाचणी घेतली तर उत्तर बरोबर येतं आणि चूक लपून राहते. म्हणून प्रत्येक केस चालवून पाहायची, आणि प्रत ७ टाकून डिफॉल्टही, म्हणजे एकही केस जुळली नाही तर चालणारा भाग. डिफॉल्ट नसेल तर स्विच काहीच न करता पुढं जातो आणि कपात शून्य छापून येते.

ब्रेक कुठं पडतो तेही बघा. इफच्या आत लिहिलेला ब्रेक इफमधून नाही, स्विचमधून बाहेर काढतो. लूपच्या आत स्विच असेल तर त्यातल्या ब्रेकनं लूप थांबत नाही. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीचं लांब पल्ल्याचं फोनजाळं नऊएक तास कोलमडलं, त्यामागं सीमधला असाच चुकीच्या जागचा ब्रेक होता.

वेगाचं म्हणाल तर केस लागोपाठ आणि पुष्कळ असतील तर कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन) उड्यांचा तक्ता बनवू शकतो, म्हणजे एकेक केस न तपासता थेट योग्य जागी जातो. चार केसला फरक जाणवत नाही.

एक राहिलं. दोन केसना एकच काम द्यायचं असेल तर ब्रेक मुद्दाम गाळतात, ती चूक नाही. जावा या दुसऱ्या भाषेत १४व्या आवृत्तीपासून बाणाची (->) केस आहे, तिथं खाली घसरणं नाहीच. सीमध्ये जीसीसी हा कंपायलर ७ किंवा पुढचा असेल तर ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ (-Wextra) हा पर्याय लावा, विसरलेल्या ब्रेकचा इशारा ओळ क्रमांकासकट येतो.