शिरेवरचा ‘दाब’ आणि शिरेतला ‘अवरोध’

फोंड्याहून एका वाचकांनी विचारले आहे की, आईच्या सीटी स्कॅनच्या इंग्रजी अहवालाचे मराठी करताना, वाढलेल्या थायरॉइडमुळे छातीतल्या मोठ्या शिरेला झालेल्या ‘ऑब्स्ट्रक्शन’साठी ‘दाब’ लिहावे की ‘अवरोध’, आणि ‘शीर’ हा शब्द चालेल का.

आधी शिरेविषयी. पोटरीत गोळा आला की आपण शिरेवर शीर चढली म्हणतो आणि हात बधिर झाला की शीर दबली म्हणतो. रक्तवाहिनी, चेतातंतू, स्नायू असा सगळाच भार हा एक शब्द उचलतो. बोलताना त्याने अडत नाही, अहवालात अडते. तेथे शाळेतली जोडीच बरी: हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी, हृदयाकडे आणणारी नीला. मान, डोके आणि हात यांचे रक्त हृदयात पोचवणारी ती ऊर्ध्व महानीला.

‘दाब’ आणि ‘अवरोध’ मात्र समानार्थी नाहीत. दाब बाहेरून पडतो. अवरोध प्रवाहाला होतो. गलगंड, म्हणजे वाढलेला थायरॉइड, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे उतरला की त्याला पसरायला जागा उरत नाही आणि पातळ भिंतीची नीला चेपली जाते. पण चेपलेली नीला वाहती असू शकते, आणि आतल्या गुठळीने बंद पडलेल्या नीलेवर बाहेरून काहीच दाब नसू शकतो. हा भेद प्रतिमेत दिसतो. सोनोग्राफीच्या लहरी हाडापलीकडचे नीट दाखवत नाहीत, म्हणून हाताच्या नीलेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत उठून दिसणारा द्रव) सोडून सीटी काढतात. तो सरळ वाट सोडून छातीच्या भिंतीतल्या आडवाटेच्या नीलांमधून वळलेला दिसला, तर ‘अवरोध’ लिहायला आधार मिळतो.

असा अवरोध बाहेरूनही ओळखता येतो. ह्यू पेम्बर्टन या डॉक्टरांनी 1946 मध्ये नोंदवलेल्या खुणेत रुग्णाला दोन्ही हात डोक्याच्या बाजूंनी वर धरायला लावतात आणि अवरोध असेल तर मिनिटभरात चेहरा लालसर, मग निळसर होतो. त्या अवस्थेला ‘रक्त तुंबले’ यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही. पावसाळ्यात गटार तुंबते तेव्हा बोळा एकीकडे असतो आणि पाणी त्याच्या मागे चढते, तसेच हे.

जाता जाता, थायरॉइडसाठी परिभाषेत रुळलेला ‘अवटु’ संस्कृतात मानेच्या मागच्या बाजूचा वाचक आहे आणि ग्रंथी तर गळ्यापुढे असते, त्यामुळे ‘थायरॉइड’ तसाच ठेवावा. अहवालात दोन्ही गोष्टी नोंदल्या असतील, तर आपले वाक्य असे होईल: ‘उरोस्थीमागील गलगंडाच्या दाबामुळे ऊर्ध्व महानीलेत अवरोध.’