नानांना विचारा : पडद्यावरची पोरं आणि आपला संशय

मागच्या अंकात थ्रिलर सिनेमांबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं पोरांची, निम्मी त्यांच्या आई-बापांची, आणि दोन्ही बाजू एकमेकांची तक्रार माझ्याकडे करताहेत. चोपड्यात माझी व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हाही काउंटरवर हेच चालायचं. पोरगं कॅसेट घेऊन जायचं आणि संध्याकाळी बाप विचारायला यायचा, काय दिलं रे याला?

प्रश्न : नाना, माझा मुलगा अकरावीला आहे. रात्री गोधडीत मोबाइल घेऊन थ्रिलर बघत असतो. दोन-तीन मीही त्याच्यासोबत बसून बघितले. एक पोरगं धड नाही त्यांत! कुणी गांजा ओढतो, कुणी मारामाऱ्या करतो, मुली आईशी धडधडीत खोटं बोलतात. असलं बघून आपली पोरं तशीच होणार नाहीत का? (एक आई, भुसावळ)

ताई, सोबत बसून बघितलंत, अर्धं काम तिथंच झालं. आता उरलेल्या अर्ध्याबद्दल.

थ्रिलरवाल्याच्या हातात दोन तास असतात. तेवढ्यात गुन्हा घडवायचा, चार संशयित उभे करायचे, आपल्याला चकवायचं. प्रत्येक पोराची नीट ओळख करून द्यायला त्याला सवड नसते. म्हणून तो आपल्या डोक्यातली तयार पोरं उचलतो. गप्प राहतो म्हणजे काहीतरी लपवतो. नटते म्हणजे वाया गेली. केस वाढवले म्हणजे बिघडला. ही पोरं सिनेमावाल्याने घडवलेली नाहीत ताई, ती आपण ओट्यावर बसून घडवली आहेत. सुमार सिनेमा तेवढ्यावरच भागवतो. चांगला सिनेमा मात्र खरी गोष्ट याच समजुतीच्या आड दडवतो, कारण तिकडे आपण बघणारच नाही याची त्याला खात्री असते.

'सर्चिंग' (२०१८) मिळाला तर मुलासोबत बघा. दिग्दर्शक अनीश चगंटी, भारतीय वंशाचा मुलगा. अख्खी गोष्ट कॉम्प्युटर आणि फोनच्या पडद्यांवर घडते. कॅलिफोर्नियातल्या एका बापाची सोळा वर्षांची मुलगी, मार्गो, रात्रीतून बेपत्ता होते. आई वारलेली. रात्री तिने बापाला फोन केलेले असतात, पण तो झोपलेला. मग तो तिचा लॅपटॉप उघडतो. कळतं काय, तर पियानोच्या शिकवणीला ती सहा महिन्यांपासून गेलेलीच नाही आणि फीचे पैसे साठवत होती. इथं बापाच्या मनात जे येतं तेच आपल्याही मनात येतं. पैसे, खोटं बोलणं, रात्री बाहेर. झालं, पोरगी हातची गेली! पुढचं मी फोडत नाही. इतकंच सांगतो की बाप जितक्या वेळा 'आता कळलं' म्हणतो, तितक्या वेळा आपणही त्याच्यासोबत फसतो, आणि पोरगी मुळात काय होती हे सगळ्यांत शेवटी कळतं. त्यात एक वर्गमैत्रीण आहे. बाप फोन करतो तेव्हा ती म्हणते, आमची फार ओळख नाही. बातमी पसरल्यावर तीच कॅमेऱ्यासमोर रडते, म्हणे माझी जिवलग मैत्रीण हरवली. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर 'भावपूर्ण' टाकणारे वेगळं काय करतात?

दुसरी शिफारस सिनेमाची नाही, मालिकेची. 'अॅडोलसन्स', २०२५ ची, ब्रिटिश, चारच भाग, प्रत्येक भाग कॅमेरा न थांबवता एका दमात घेतलेला. पोलीस दार फोडून घरात घुसतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या संशयावरून उचलतात. त्याची चड्डी ओली होते. तुम्ही म्हणाल ना, 'असली पोरं दिसतातच तशी', तर हा अजिबात तसा दिसत नाही. घर साधं, बाप कष्टाळू, आई मायाळू. दुसऱ्या भागात तपास अधिकारी शाळेत जातो. पोरांनी इन्स्टाग्रामवर टाकलेल्या चित्रखुणा (इमोजी) वाचून त्याला वाटतं, ही मैत्री आहे. त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा त्याला बाजूला घेऊन सांगतो, बाबा, हे तुम्ही उलटं वाचताय, ही टिंगल आहे. एवढा मोठा पोलीस अधिकारी, आणि अक्षरओळख करून देतोय घरचा पोरगा. त्या पोराला बापाची लाज वाटते, म्हणून तो सांगायला येतो, हेही त्यात दिसतं.

मुलगा बिघडेल का, याचं उत्तर सिनेमा देणार नाही. तुम्ही मात्र एक करा. अर्ध्यात सिनेमा थांबवून त्याला विचारा, तुला कुणावर संशय आहे आणि का? तो जे कारण सांगेल त्यावरून तो माणसं कशी वाचतो ते कळेल. मग तुमचा संशयित सांगा. तोही तुम्हाला वाचेल. झोपायच्या वेळेचं भांडण मात्र वेगळं ठेवा, ते सिनेमावर ढकलू नका.

प्रश्न : नाना, खुनी एकेकाला मारत सुटतो अशा सिनेमांत अभ्यासू, साधी, बॉयफ्रेंड नसलेली मुलगीच शेवटी का वाचते? बाकीच्या मेल्या तरी चालतं का? आमच्या बाई म्हणतात, आता हे बदललंय. खरंच का? (बारावीतली एक वाचक, अमळनेर)

बेटा, हाच प्रश्न कॅरल क्लोव्हर नावाच्या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी १९८७ साली एका निबंधात मांडला. शेवटी उरणाऱ्या या मुलीला त्यांनी 'फायनल गर्ल' म्हटलं आणि तेच नाव जगभर चिकटलं. ठरलेला नमुना म्हणजे जॉन कार्पेंटरचा १९७८ चा 'हॅलोवीन'. त्यातली लॉरी पुस्तकं छातीशी धरून चालते. मैत्रिणी रिकाम्या घरात मित्रांना बोलावतात आणि मरतात, लॉरी दुसऱ्याचं लेकरू सांभाळत बसते आणि वाचते. ही कॅसेट परत करताना आमचे एक गिऱ्हाईक मला म्हणाले होते, 'बघा, संस्कार!' मी हिशेबाची वही पुढे केली.

पण त्याच सिनेमातली एक जागा फार कमी लोक लक्षात ठेवतात. लॉरी जखमी, जिवाच्या आकांताने ओरडत रस्त्यावर येते आणि शेजारच्या घराचं दार बडवते. आत दिवा लागतो. खिडकीतून कुणीतरी डोकावतं. दिवा बंद होतो. हॅलोवीन म्हणजे तिकडचा भुताखेतांची सोंगं घ्यायचा सण, त्या रात्री पोरं चेष्टा करत असतील, असा आतल्या माणसाचा हिशेब. खुन्याच्या सुरीपेक्षा मला त्या दिव्याचा राग जास्त येतो. आणि गंमत बघ, त्याआधी लॉरीने स्वतः काय केलेलं असतं? सांभाळायला दिलेला लहानगा टॉमी घाबरून सांगतो की बाहेर बागुलबुवा आहे, आणि ही त्याची समजूत घालते की बाळा, असं काही नसतं. मोठी माणसं तिला जे करतात तेच तिने त्याला केलं. तेव्हा कोण सोज्वळ आणि कोण थिल्लर यावर अडू नकोस. कोण खरं सांगत होतं आणि कुणी ऐकलं नाही, तिकडे बघ.

बदल म्हणशील तर १९९६ च्या 'स्क्रीम'ने या नियमांची जाहीर थट्टा केली. दिग्दर्शक वेस क्रेव्हन, लेखक केविन विल्यमसन. त्यातला रँडी नावाचा सिनेमावेडा मुलगा भर पार्टीत जिवंत राहण्याचे नियम सांगतो: शरीरसंबंध नको, दारू-नशा नको, आणि 'आत्ता आलो' असं म्हणून बाहेर जायचं नाही. नायिका सिडनी पहिलाच नियम मोडते आणि तरी वाचते. रँडी टीव्हीवर 'हॅलोवीन' बघत ओरडतो, 'अगं, मागे बघ!', आणि खुनी त्याच्याच सोफ्यामागे उभा. सगळे नियम पाठ, पण मान वळवायचं सुचत नाही.

२०१२ चा 'द केबिन इन द वुड्स' याच्याही पुढे गेला. पाच तरुण जंगलातल्या घरात जातात. जमिनीखाली एक ऑफिस आहे. तिथली मोठी माणसं चहा-कॉफी पीत, पैजा लावत, या पोरांना ठरलेल्या साच्यांत कोंबतात: खेळाडू, चवचाल मुलगी, विद्वान, विदूषक आणि कुमारिका. खरा मुद्दा असा की पोरं मुळात तशी नाहीतच. खेळाडू म्हणून ठरवलेला मुलगा शिष्यवृत्ती मिळवणारा हुशार विद्यार्थी आहे. एका मुलीच्या केसांच्या रंगात रसायन मिसळून तिची बुद्धी मंद केली जाते, का तर तिने उथळ दिसलं पाहिजे! आणि सगळं कारस्थान आधी ओळखतो तो गंजेडी विदूषक, ज्याचं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

तरी तुझ्या बाईंशी मी पूर्ण सहमत नाही. सगळ्यांत धीट काम फार आधी झालं होतं. हिचकॉकचा १९४३ चा 'शॅडो ऑफ अ डाउट' बघ, कृष्णधवल आहे म्हणून टाळू नकोस. सांता रोझा नावाचं शांत गाव, तिथली नुकतीच शाळा संपवलेली चार्ली. मामाचंही नाव चार्ली. हो, आईचा धाकटा भाऊ, मामाच. तो राहायला येणार म्हटल्यावर पोरगी हरखून जाते. मामा भेटवस्तू आणतो, भाचीला अंगठी देतो. अंगठीच्या आतल्या बाजूला कुणा दुसऱ्याचीच अक्षरं कोरलेली. मामाने एका वर्तमानपत्राचं पान फाडून लपवलेलं असतं. वाचनालय बंद व्हायच्या वेळेला ही धावत तिथं जाते, ते पान शोधते आणि विधवांच्या खुनांची बातमी वाचते. अक्षरं जुळतात.

आता अडचण बघ. ती सांगणार कुणाला? आईचा तर भावावर जीव. आपल्याकडच्या घरांत मामाविरुद्ध शब्द काढून बघावा! वेडी स्वप्नाळू पोरगी, एवढीच तिची घरात ओळख असते, आणि त्याच ओळखीखाली ती अख्ख्या घरासाठी एकटी लढते. किंचाळत नाही की सुरी उचलत नाही. अंगठी बोटात घालून सगळ्यांसमोर जिना उतरते, आणि मामाला काय समजायचं ते समजतं. माझ्या मते साच्याला तडा असा जातो. मुलीच्या हातात बंदूक दिली की झालं, असं हल्लीच्या बऱ्याच सिनेमांना वाटतं. त्याने फक्त पोस्टर बदलतं.

प्रश्न : 'दृश्यम'मधल्या पोरी नुसत्या घाबरतात नि रडतात. सगळं डोकं बापालाच! यात तरुणांना काय मिळालं? (एक वाचक, नंदुरबार)

तक्रार रास्त आहे. निशिकांत कामतांच्या २०१५ च्या हिंदी 'दृश्यम'मध्ये (मूळ मल्याळम, २०१३) थोरली अंजू म्हणजे बुजरी मुलगी आणि सॅम म्हणजे बड्या घरचा लाडावलेला पोरगा. दोघंही साच्यातून काढलेली. सॅम बेपत्ता होतो त्याचा अख्खा तपास एका गृहीतावर चालतो: बापाने घरच्यांना पढवलंय, पण पोरं फुटतील. धाकटी अनू मार खाऊन फुटतेही. पण तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा सॅमच्या आईकडे लक्ष द्या. तब्बूची मीरा देशमुख पोलीस महानिरीक्षक (आयजी) आहे, दुसऱ्याचं खोटं डोळ्यांतून ओळखते. स्वतःच्या मुलाबाबत मात्र तिला फार उशिरापर्यंत अंदाज नसतो. 'माझा असा नाही' हाही एक साचाच झाला, आणि तो आई-बापांनी बनवलेला.

प्रश्न : मराठीत अशा वयाच्या मुलांचा थ्रिलर का नाही? (जामनेर)

कारण मराठी सिनेमाने या वयाला एक तर शाळेत बसवलं, नाही तर प्रेमात पाडलं. 'फँड्री' आणि 'सैराट' थोर आहेत, पण ते थ्रिलर नव्हेत. तरी 'सैराट'च्या शेवटी आवाज काढून घेऊन जे दाखवलंय, ते थ्रिलर करणाऱ्यांनी वहीत उतरवून घ्यावं.

प्रश्न : नाना, आम्ही कॉलेजची चार मुलं थ्रिलर शॉर्टफिल्म करतोय. पात्रं अशी: टॉपर, टपोरी, सुंदर मुलगी, जोकर. रात्री थाळनेरच्या किल्ल्यावर पार्टीला जातात आणि एकेक गायब होतो. काही सुचवाल? (शिरपूर)

भो, किल्ला ठेवा, पार्टी काढा. ती पार्टी तुम्ही कधी केलेली नाही, बघितलेली आहे.

तुमच्या आसपास रात्र कुणाला माहीत आहे ते बघा. शेतीची लाइन रात्रीची असते तेव्हा मोटार चालू करायला केळीच्या बागेत कोण जातं? बॅटरी घेऊन घरचं सोळा-सतरा वर्षांचं पोरगंच ना! यावल-रावेरकडे तर बिबट्याची भीती असते आणि तरी जातात. ज्या पोराला घरात सगळे 'मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला' म्हणतात, त्याला बागेतला प्रत्येक आवाज ओळखू येतो. एका रात्री त्याला भलताच आवाज आला, तर? सकाळी त्याने सांगितलं तर घरचे काय म्हणतील? 'रातभर पिक्चर देखस, मंग असंच व्हयी.' झाली तुमची गोष्ट सुरू.

किंवा एसटीच्या पासवर रोज क्लासला येणारी मुलगी घ्या. तिला रोज त्याच फाट्यावर, त्याच वेळी तोच टेम्पो दिसतो. कंडक्टरला सांगितलं तर तो हसतो. घरी सांगायची तिला भीती वाटते, खुन्याची नव्हे, क्लास बंद करतील याची. ही भीती खरी आहे. तुमच्या वर्गातल्या चार मुलींना विचारा, हवी तेवढी माहिती मिळेल.

टॉपरला हुशार आणि टपोऱ्याला आडदांड दाखवायचा मोह होईल. त्यापेक्षा दोघांना एकाच घरातले भाऊ करा, आणि बाप कुणाचं ऐकतो ते दाखवा. घरातलं बोलणं अहिराणीत ठेवा, कॉलेजातलं जसं बोलता तसं. ड्रोन भाड्याने घेऊ नका. ते पैसे आवाज नीट रेकॉर्ड करण्यावर घाला, अंधारात माणूस कानांनी बघतो. किल्ल्यावर रात्री शूटिंगला परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या. आणि पहिला कट झाला की मला पाठवण्याआधी घरच्यांना दाखवा. त्यांनी पहिला संशय कुणावर घेतला ते लिहून काढा आणि मग एडिटिंगला बसा.