३ किलोवॉट कोणी सांगितलं?
(घरची वीज : वाचकांचे प्रश्न)

ताई, आम्ही कराडला राहतो. स्वतःचं बैठं घर, माणसं चार. महिन्याला १३०-१४० युनिट पडतात. छपरावर सोलर बसवायचं आहे. एजंट म्हणतो, "३ किलोवॉटच घ्या, ७८ हजार सबसिडी बसते. कमी घेतलंत तर सरकारचा पैसा सोडताय." काय करावं?

एजंट मोठं सिस्टिमच विकणार, धंदाच आहे त्याचा. तुम्ही आधी बिलांची फाइल काढा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा, नुसता मे महिना धरू नका. तुमची बेरीज १,५५०-१,७०० युनिटांत यायला हवी. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतं, म्हणजे वर्षाला १,४०० च्या मागेपुढे. तुमचं दीडमध्ये भागतं, फार तर २ घ्या. ३ किलोवॉट म्हणजे ४,२०० युनिट. वरच्या अडीच हजाराचं काय लोणचं घालणार? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनेलची उरलेली वीज महावितरणच्या तारेत सोडून ती बिलातून वजा करण्याच्या सोयीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात हे खरं. पण आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहतात त्यांना मिळणारा भाव आपण भरतो त्या दरापुढे किरकोळ असतो.

आता सबसिडी. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. त्यापुढे कितीही लावा, ७८,००० वर काटा थांबतो. म्हणजे गरज नसलेल्या तिसऱ्या किलोवॉटसाठी अठरा हजार हातात येतात आणि त्याहून जास्त खिशातून जातात.

गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करायचं घरात ठरत असेल, तर मात्र हिशेब बदलला. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण सव्वाशे ते दीडशे युनिटांत होतो. सिलिंडर तुम्हाला महिनाभर जात असेल, तर विजेचा वापर सरळ दुप्पट झाला. मग बोला ३ किलोवॉटचं. पण शेगडी आधी आणा, दोन महिने वापरा. घरातल्या बायकांना तव्यावरची भाकरी त्यावर पटली नाही तर ती माळ्यावर जाते आणि पॅनेल छपरावर राहतात.

आणखी एक, जे एजंट सही झाल्यावर सांगतो. मीटर कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे कितीतरी घरांत ते अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. सबसिडी वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, तीही काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. तेव्हा आधी नावबदल उरका. आणि "शून्य बिल" हा शब्द कोणी उच्चारला, तर त्याला बिलावरचा 'स्थिर आकार' दाखवा. तो सुटत नाही.

तुमच्या शेजारी पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे, राज्यातलं पहिलं सौरग्राम. एखाद्या रविवारी जा आणि तिथल्या लोकांना कोणाच्या घरावर किती किलोवॉट बसवलंय ते विचारा. फुकट सल्ला मिळेल, वर चहाही.

अकोल्याहून लिहितो. मे महिन्यात इथं ऊन ४५ अंशांपर्यंत जातं. पण ॲपवर बघतो तर दुपारी वीज मार्चपेक्षा कमी. बसवणारा म्हणतो, "साहेब, नॉर्मल आहे." फसवतोय का?

नाही हो, खरं सांगतोय. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. पॅनेलच्या माहितीपत्रकात तापमानाचा एक आकडा असतो, साधारण उणे ०.३५ टक्के. २५ अंशांच्या वर पॅनेल जितकं तापेल, तितक्या प्रत्येक अंशामागे एवढी वीज घटते. आणि ४५ ही हवा झाली. भर दुपारी पॅनेलच्या आतलं तापमान सहज ६५ च्या वर जातं. म्हणजे चौदा-पंधरा टक्के तिथंच गेले. पॅनेल पत्र्याला चिकटून बसवले असतील तर आणखी जातील, खालून वारा खेळायला फट हवीच.

मात्र घट त्याहून मोठी दिसत असेल तर काच बघा. तुम्ही खारपाणपट्ट्यातले, तिथलं जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यानं पॅनेल धुतले की पाणी वाळतं आणि पांढरा थर मागे राहतो, नळाच्या तोटीवर धरतो तसाच. दर धुण्याला तो वाढतो. आरओतून वाया जाणारं पाणी तर अजिबात घेऊ नका. बरेच जण बचत म्हणून तेच वापरतात आणि त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. मऊ पाणी घ्या, सकाळी उन्हाआधी धुवा आणि लगेच वायपर मारा. तापल्या काचेवर गार पाणी नको, तडकायची.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. गच्ची सोसायटीची. आम्ही काय ग्रीन होणार?

पंख्यांपासून सुरू करा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे नव्या ब्रशलेस मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. तुमच्याकडे हॉल, बेडरूम मिळून दोन असतील, म्हणजे ४०. आणि हे ४० युनिट तुमच्या बिलाच्या सगळ्यात वरच्या, महागड्या स्लॅबमधून कमी होतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर स्टार लेबल सक्तीचं आहे, दुकानदार काय म्हणतो त्याआधी ते वाचा.

वायरमनला एवढं सांगा : भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी कर. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या स्वतःच्या सर्किटमधून बदलतो, रिमोटनं. मध्ये जुना रेग्युलेटर राहिला की पंखा गुणगुणतो, अडखळतो आणि शेवटी सर्किट जातं. मग लोक म्हणतात, "हे नवीन पंखे टिकत नाहीत." आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सांगते : दहा मिनिटांचं काम आहे, उभं राहून करून घ्या.

टीव्ही रिमोटनं बंद केला तरी सेट टॉप बॉक्स चालूच असतो. १० वॉट धरले तरी महिन्याला ७ युनिट, कोणी न बघता. बटण भिंतीवरचं दाबा.

गच्चीचा विषय सोसायटीच्या सभेत काढा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी त्याच सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८,००० सबसिडी आहे. सभेत कोणीतरी "गळती लागेल" म्हणणारच, आणि ते अगदीच चूक नाही. वॉटरप्रूफिंग आधी करा. स्ट्रक्चर उभं राहिल्यावर ते काम कोणी हातात घेत नाही.

पुण्यात बाल्कनीत बायोगॅस बसवावा का? शेणाशिवाय चालतो म्हणतात.

चालतो. पुण्याच्याच 'आरती' संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या चमूनं, खरकट्यावर आणि पिठूळ पदार्थांवर चालणारं छोटं सयंत्र तयार केलं आणि २००६ मध्ये त्यांना ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण चौघांच्या घरात उरून किती उरतं? एखाद्या वेळचा चहा-दूध होईल. लिंबा-संत्र्याच्या सालींनी आतलं आंबट होऊन गॅस थांबतो, ती वेगळी टाका. बाल्कनीपेक्षा बंगल्याचं आवार किंवा मेस असेल तर जरूर बसवा.

कुडाळला घर आहे. पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते. छपरावर सोलर असून आम्ही मेणबत्ती लावून बसतो. शेजारचा मुलगा म्हणतो, "काकी, एक वायर फिरवतो, चालू होईल." करू दे का?

मुळीच नाही. लाइन मेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडून चालणारा बिनबॅटरीचा, स्वतःहून बंद पडतो, आणि तो पडायलाच हवा. तुमच्या पॅनेलची वीज बाहेर तारेत गेली, तर झाड बाजूला करायला खांबावर चढलेल्या लाइनमनला ती तार मेलेली वाटत असते. आमची पोरं त्या खांबांवर चढतात. त्या मुलाला घरी पाठवा.

खरा उपाय म्हणजे हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी. त्यात बाहेरची लाइन तोडून फक्त घरातली ठरावीक सर्किटं चालवायची सोय असते. महाग आहे, म्हणून सगळं घर त्यावर घालू नका. दिवे, दोन पंखे, मोबाइल, वायफाय, पुरे. पंप आणि गीझर बाहेर ठेवा. पावसाळ्यात पॅनेल फार भरणार नाहीत, तेव्हा बॅटरी लाइनवरूनही चार्ज होते ना ते विचारून घ्या. कोकणात वीज कडाडते तशी. तडिताघात-निवारकाला स्वतंत्र अर्थिंग आहे ना, तेही बघा.

पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्याला समोर मेन स्विच पाडायला लावा. ऑनग्रिडची बाजू बंद पडली आणि तुम्ही निवडलेले दिवे चालू राहिले, तरच शेवटचा हप्ता द्या.