सायटिका म्हणून वर्षभर गोळ्या, निघाली रक्तवाहिनी

प्रश्न: माझ्या मिस्टरांना वर्षभर कुल्ल्यात दुखायचं, बसलं की जास्तच, सायटिका म्हणून गोळ्या चालू होत्या. मग अचानक पायाचा अंगठा निळा पडला आणि सीटी अँजिओग्राफीत निघालं की जन्मापासूनची पर्सिस्टंट सायटिक आर्टरी आहे, तिला फुगा आलाय. सर्जन म्हणतात बायपास करून ती बंद करायची. चालू रक्तवाहिनी बंद कशाला? नुसता स्टेंट (आतून बसवायची जाळीची नळी) नाही का चालणार?

उत्तर: ताई, घाबरायला होणारच. पोटातल्या बाळाच्या पायाला आधी ही सायटिक आर्टरीच रक्त देते, साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत मांडीतली फीमोरल आर्टरी ते काम घेते आणि जुनी विरून जाते. दहा हजारांत जेमतेम 3 ते 6 जणांत ती तशीच राहते, म्हणून चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. ती कुल्ल्यातून, सायटिक नसेच्या (म्हणजे मज्जातंतूच्या, रक्तवाहिनीच्या नव्हे) अगदी लगत जाते, बसताना सारखी दाबली जाते, भिंत कमकुवत होऊन फुगा येतो, तो नसेवर दाबतो म्हणून दुखणं हुबेहूब सायटिकासारखं. फुग्यात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्यातलाच तुकडा सुटून खाली अडकला की बोट निळं पडतं, त्यामुळे आता चालढकल करू नकाच. पाय एकदम गार, पांढरा किंवा बधिर झाला तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आता बंद का करायची, तर फुगा चालू ठेवला की गुठळ्या सुटतच राहणार. पण बऱ्याच जणांत फीमोरल बारीक असते, मांडीतच संपते, गुडघ्याखालचं सगळं रक्त जुनीवरच चालतं, अशात नुसती बंद केली तर पायच धोक्यात. म्हणून बायपास, म्हणजे रक्ताला नवा रस्ता, शक्यतो पायातलीच शीर वापरून, आणि मग फुग्याकडे जाणारं रक्त बांधून किंवा आतून कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) टाकून थांबवायचं. फुगा कापून काढायचा आग्रह धरू नका, नसेला इजा होऊ शकते. स्टेंट-ग्राफ्ट (कापडी आवरणाचा स्टेंट) काही पेशंटना बसवतात, पण ही जागा बसता-उठता वाकते, दाबली जाते, तिथे तो मोडायची किंवा बंद पडायची भीती राहते. तुमच्या मिस्टरांचं वय, फीमोरलची जाडी बघून सर्जन काय म्हणतात ते नीट विचारा.

आणि सीटीतले दुसऱ्या पायाचे फोटोही बघायला सांगा, काहींना दोन्हीकडे असते. तिथे फुगा नसेल, त्रास नसेल तर ऑपरेशन नको, ठरावीक काळाने डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी) पुरते.