चढाईची नोंद ऑनलाइन सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी का?

ठेवा, पण दोन-चार दिवस उशिरा. संभाजीनगरच्या आसपास कातळ चढणारे मोजकेच, त्यामुळे नोंद कोणाची ते लगेच ओळखू येतं. 'दर रविवारी पहाटे' एवढं दिसलं तरी तुमचं घर कधी रिकामं असतं ते कळतं. स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळ्यांच्या वाटा एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून, २०१८ मध्ये लष्करी तळ उघडे पडले होते, आपण तर साधी माणसं! घराजवळचा भाग नकाशावरून लपवायची सोय त्या अ‍ॅपमध्ये आहे, ती वापरा.

उपयोग म्हणाल तर ग्रेडपेक्षा (चढाई किती अवघड त्याचा आकडा) शेरा मोलाचा. आपल्याकडचा बेसाल्ट पावसाळ्यानंतर जागोजागी सुटा होतो. 'वरच्या टप्प्यावर दगड हलतो', 'कपारीत आग्या मोहोळ आहे' एवढं लिहिलंत तरी पुढचा सावध होतो. सोबत्याचं नाव मात्र त्याला विचारूनच टाका.