लाइफ जॅकेटची सक्ती: नावेत की अंगावर?

प्रश्न: गेटवेच्या लाँचवर आता लाइफ जॅकेट घालायला लावतात. धरणाच्या पाण्यावर फिरायला गेलो, तर तिथे जॅकेट्स बाकाखाली कोंबलेली. मागितल्यावर नावाडी म्हणाला, "काही होत नाही, पाणी शांत आहे." हौसेने फिरणाऱ्यांवरही जॅकेटची सक्ती असावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: उघड्या, लहान नावेत असावीच, आणि ती जॅकेट अंगावर घालण्याची असावी. माणशी एक जॅकेट नावेत ठेवा, एवढ्यावर नियम थांबला की जॅकेट्सचे गाठोडे बाकाखाली जाते आणि त्यावर डिझेलचा कॅन नि दोरखंड येऊन पडतो. नाव कलंडायला वेळ लागत नाही. सेल्फीसाठी चारजण एका बाजूला उठले आणि त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, की संपले. जहाजांवरच्या जॅकेटची कसोटी अशी असते की बहुतेकांना ते कुणी न शिकवता एका मिनिटात घालता आले पाहिजे. तीही कोरड्या जमिनीवर. पाण्यात पडल्यावर तरंगते जॅकेट पकडून त्यात हात घालणे आणि बक्कल लावणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जाते.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. तो शहरातला तलाव, समुद्र नव्हे. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते आणि नावेत माणसे जास्त होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर इंजिनची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली. दोन्हींकडचे मिळून १५ जण गेले. परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा, लाँचवर माणसे शंभराहून अधिक. गेटवेवरची सक्ती त्यानंतर आली.

सक्तीने फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००५ पासून हौशी नौकाविहारासाठी जॅकेट घालण्याचा नियम केला. लहान यांत्रिक नावेत ते कायम घालायचे, मोठ्या नावेत धोक्याच्या वेळी. आधीच्या सहा वर्षांत तिथे अशा नावांवरचे ५९ जण बुडाले होते, नंतरच्या पाच वर्षांत १६. जॅकेट घालणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ६३ वर गेले. म्हणजे सगळ्यांनी नियम पाळला नाही, तरीही एवढा फरक.

आमच्या मते जबाबदारी मात्र नाव चालवणाऱ्यावर हवी. पर्यटकाला दंड करून काही साधत नाही. सगळ्यांची बक्कले लागल्याशिवाय दोर सोडायचा नाही, एवढा नियम जेटीवर पाळला तरी पुरे.

सक्तीचा आग्रह धरणारे एक गोष्ट सहसा बोलत नाहीत. बंद केबिनमध्ये किंवा चहूबाजूंनी ताडपत्री लावलेल्या नावेत जॅकेट घातलेला माणूस नाव बुडताना छताला जाऊन चिकटतो. खाली बुडी मारून दारातून निघायचे तर जॅकेट ते करू देत नाही. अमेरिकेत मिसुरीतल्या टेबल रॉक तलावात १९ जुलै २०१८ ला छताची पर्यटन-नाव वादळात बुडाली आणि ३१ पैकी १७ जण गेले. चौकशीत तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने बोट ठेवले ते छतावर आणि बाजूच्या पडद्यांवर. म्हणून छताच्या लाँचमध्ये उघड्या बाजूला बसा आणि प्लास्टिकचे पडदे गुंडाळायला लावा. हवा भरून फुगणारे जॅकेट असेल तर बाहेर पडल्याशिवाय फुगवू नका.

प्रश्न: मी विहिरीत पोहायला शिकलो, तासभर सहज पोहतो. मलाही जॅकेट का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: विहिरीत तुम्ही ठरवून उडी मारता. नाव उलटते तेव्हा काठ डोक्याला लागतो, अंगावर पूर्ण कपडे असतात, आणि शेजारचा न पोहणारा तुमच्याच गळ्याला मिठी मारतो. अमेरिकी तटरक्षक दलाची २०२३ ची आकडेवारी पाहा: हौशी नौकाविहारात बुडालेल्या ज्यांच्या जॅकेटची नोंद मिळाली, त्यांच्यातल्या ८७ टक्के लोकांनी ते घातलेले नव्हते.

प्रश्न: नावाड्याने दिलेले जॅकेट चांगले आहे की नुसते दाखवायला, हे कसे ओळखायचे? आणि साडीवर ते कसे घालायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी आतल्या लेबलवरचा आकडा वाचा. ५०, १०० किंवा १५० न्यूटन असे लिहिलेले असते. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा उचल-जोर. प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर ठेवायला ३ ते ५ किलो पुरतात, मग ५० का चालू नये? कारण ५० चे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला टेकू देते, इतकेच. बेशुद्ध माणूस पालथा पडला तर तो पालथाच राहतो. १०० च्या जॅकेटला पाठीमागे मानेची उशी असते आणि पुढच्या बाजूला फोम जास्त असतो, तो माणसाला उताणा करायला मदत करतो. न पोहणाऱ्याने धरणात किंवा खाडीत १०० च घ्यावे. उघड्या समुद्रासाठी १५०. लेबलच नसेल तर ते कापडात शिवलेले थर्माकोलही असू शकते. दाबून बघा: चांगला फोम दबतो आणि लगेच फुलतो, थर्माकोल कुरकुरतो.

मग पट्टे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते, माणूस खाली राहतो. पाण्यात पडलेल्यांच्या तोंडावर जॅकेट आलेले दिसते ते यामुळेच. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग छातीचा. शेजाऱ्याला दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर येत असेल तर पट्टा आणखी आवळा किंवा लहान माप मागा. बक्कलचा 'टक' आवाज आला पाहिजे. तुटक्या बक्कलच्या जागी गाठ मारलेले जॅकेट परत करा.

साडी असेल तर पदर खोचून कमरेला घट्ट बांधा आणि जॅकेट त्याच्यावर. ओढणी काढून पिशवीत ठेवा, ती बक्कलात अडकते. रेनकोट जॅकेटच्या आत, सॅक मात्र पाठीवर नकोच, कारण पट्टे तिच्याखाली जातात आणि बचावासाठी आलेल्याला धरायला काही उरत नाही.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलाला मुरुड-जंजिऱ्याला न्यायचे आहे. तिथे मोठ्यांचेच जॅकेट मिळाले तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: चालणार नाही. मूल त्यातून खाली निसटते. मुलांचे जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचे असते आणि त्याला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा व मानेमागे धरायची मूठ हवी. बरोबर न्या. घरी घालून, खांद्याच्या पट्ट्यांना धरून मूल जरासे उचलून बघा. हनुवटी आणि कान आत गेले, तर ते मोठे आहे. हवेची रिंग किंवा दंडाला लावायचे फुगे हा पर्याय नव्हे.

प्रश्न: आमच्या कोयनेच्या बॅकवॉटरला दोन नावा आहेत. जॅकेट्सना घामाचा वास येतो म्हणून पर्यटक घालत नाहीत. काय करावे? (एक नावमालक, सातारा जिल्हा)

उत्तर: त्यांचा नकार वाजवी आहे, आणि उपाय स्वस्त. संध्याकाळी साध्या पाण्यात थोडा अंगाचा साबण घालून खळबळा, दोनदा निथळवा आणि सावलीत खांद्यांवर टांगा. ब्लीच नको, यंत्रात पिळणे नको. नावेच्या टपावर उन्हात टाकाल तर शिवण वर्षा-दोन वर्षांत कुजते. ओल्या ढिगात ठेवली तर बुरशी धरते आणि वास तिथूनच सुरू होतो. त्यावर बसू देऊ नका, कारण दबलेला फोम पुन्हा पूर्ण फुलत नाही.

हंगामापूर्वी प्रत्येक जॅकेट तपासा. नखाने शिवण ओढा, सुटली तर बाद. मग लोखंडी वजने बांधून पाण्यात सोडा. एक किलो लोखंड पाण्यात साधारण ८७० ग्रॅमच भरते, म्हणून १०० च्या जॅकेटला ५, ५ आणि १ अशी अकरा किलो वजने लावली तरी ते तरंगले पाहिजे. ५० च्याला ५ किलोचे एकच पुरे. मग २४ तास पूर्ण बुडवून ठेवून पुन्हा हेच करा. फोमने पाणी प्यायले असेल तर ते या दुसऱ्या वेळी खाली जाते. बाद जॅकेटचे पट्टे कापूनच टाका, नाहीतर गर्दीच्या रविवारी तेच कुणाच्या तरी गळ्यात पडते.