कंपनीच्या पगारातून देणगी कापण्याच्या योजनेसाठी ‘आम्ही भेदभाव करत नाही’ असं मराठी मंडळाने लिहून द्यावं का?

प्रश्न: आमचं अमेरिकेतलं मराठी मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत मिळालेली धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे. माझ्या कंपनीत पगारातून परस्पर देणगी कापून घेण्याची सोय आहे आणि कंपनी तेवढीच भर स्वतः घालते. मंडळाचं नाव यादीत घालायला गेलो तर ‘वंश, धर्म, मूळ देश, लिंग, लैंगिक कल यांवरून आम्ही भेदभाव करत नाही’ असं लिहून मागतात. मंडळ तर मराठी माणसांसाठीच आहे. सही केली तर ती खोटी ठरेल का?

उत्तर:

मंडळ मराठी आहे एवढ्यानं खोटी ठरणार नाही. पण सही करण्याआधी मंडळाची घटना काढा आणि सभासदत्वाचं कलम नीट वाचा.

मी आमच्या कंपनीच्या देणगी समितीवर आहे, असे अर्ज माझ्यासमोर येतात. भारतीय मंडळांचं घोडं बहुधा याच कलमापाशी अडतं. ‘मराठी भाषा व संस्कृतीत रस असणारी कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकेल’ असं असेल तर बोलायलाच नको. ‘मातृभाषा मराठी असणारी व्यक्ती व तिचे कुटुंबीय’ असं असेल तर वाचणारा थबकतो, दोन ईमेल जास्त येतात. आणि ‘महाराष्ट्रीय वंशाची व्यक्ती’ असं असेल तर त्या घटनेखाली ही सही करू नका, आधी कलम बदला. तुमच्या गणपतीला तेलुगू शेजारी रांगेत उभे असतात, मराठी शाळेत कुणाचा अमेरिकन जावई बाराखडी गिरवतो, हे सगळं मान्य. समितीपुढे मात्र फक्त कागद असतो.

संस्था कुणासाठी काढली आहे आणि संस्था कुणाला दारातून परत पाठवते, हे दोन प्रश्न आपण एकत्र करतो, तिथे घोळ होतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांसाठी ‘कम्बाइन्ड फेडरल कॅम्पेन’ नावाची पगारकपातीची मोहीम आहे. तिचं मूळ राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या १९६१ च्या आदेशात. तिच्या नियमांत भेदभावाला मनाई आहेच, पण त्याच कलमात पुढे असंही म्हटलंय की एखादी संस्था अमुक वंशाच्या, धर्माच्या किंवा लिंगाच्या लोकांनी काढली अथवा त्यांच्या सेवेसाठी चालते, एवढ्याच कारणानं ती अपात्र ठरत नाही. तुमची कंपनी खासगी असेल तर तिला हा नियम लागू नाही. पण तुमच्या शंकेचं उत्तर त्यात आहे, आणि समितीशी बोलताना त्याचा दाखला देता येतो.

दारातून परत पाठवण्याचं प्रकरण किती ताणलं जाऊ शकतं ते बॉय स्काउट्स या मुलांच्या संघटनेच्या बाबतीत दिसलं. न्यू जर्सीतल्या जेम्स डेल या साहाय्यक स्काउटमास्टरला तो समलिंगी असल्याचं कळल्यावर १९९० मध्ये काढून टाकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जून २००० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी स्काउट्स जिंकले: खासगी संघटना म्हणून कुणाला घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या देणगी मोहिमेतून स्काउट्सना वगळलं, कारण राज्याच्या १९९१ च्या कायद्यानुसार सरकारी यंत्रणेला अशा भेदभावात सहभागी होता येत नव्हतं. स्काउट्स पुन्हा कोर्टात गेले. म्हणणं असं की जो हक्क आम्ही आत्ताच मिळवला तो वापरल्याबद्दल ही शिक्षा आहे. अपील न्यायालयानं २००३ मध्ये राज्याच्या बाजूनं निकाल दिला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे सभासद निवडण्याचा हक्क शाबूत राहिला, पण सरकारी पगारपत्रकातली जागा त्या हक्कात धरली गेली नाही. मला हा निकाल पटतो, न पटणारेही पुष्कळ आहेत. पुढे स्काउट्सनी स्वतःच समलिंगी मुलांवरची बंदी २०१३ मध्ये आणि मोठ्यांवरची २०१५ मध्ये उठवायचं ठरवलं.

खासगी कंपनीत तर कोर्टाची गोष्टच फारशी येत नाही. पैसे तिचे, यादी तिची, अटीही तिच्याच. कुठे फक्त लाभार्थींबद्दल विचारतात, कुठे नोकर, विश्वस्त, स्वयंसेवक सगळे धरतात. त्यामुळे माझ्यावर न जाता तुमच्या कंपनीच्या अर्जातलं वाक्य शब्दन् शब्द वाचा. वंशाचं तेवढं वेगळं आहे. वांशिक भेदभाव करणाऱ्या शिक्षणसंस्थेला करसवलत मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच बॉब जोन्स विद्यापीठाच्या खटल्यात सांगून टाकलंय. तिथे ५०१(सी)(३)च धोक्यात येतं.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते: जात. तुमच्या मंडळाकडून वधूवर सूची चालते का? त्यात जात-पोटजातीचा रकाना आहे का? एखादी शिष्यवृत्ती अमुक ज्ञातीतल्या मुलांपुरती आहे का? सिएटल शहरानं २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्यानं बंदी केली. कॅलिफोर्नियात तसं विधेयक त्याच वर्षी सभागृहात मंजूर झालं, पण राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. कायदा असो नसो, काही कंपन्यांनी जात आपल्या धोरणात घातली आहे. ॲपलनं कर्मचाऱ्यांसाठीच्या धोरणात ती २०२० मध्येच घातली. हल्ली समितीतला एखादा देशी सहकारी हा प्रश्न हमखास काढतो. आमच्याकडे तो मीच काढते.

मंडळ गावाकडच्या एखाद्या ट्रस्टला पैसे पाठवणार असेल, तर तिथला नियम आपल्याकडच्या लोकांना आधीपासून ठाऊक असतो. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०जी कलमानुसार, एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या भल्यासाठी म्हणून काढलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नसे. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्था या आडकाठीतून सुटत. पुण्या-मुंबईच्या जुन्या ज्ञातिसंस्था स्वतःची करसवलत राखून आहेत, कारण जात-धर्माचं ते बंधन १ एप्रिल १९६२ नंतर निघालेल्या ट्रस्टांना लागतं. मात्र तेवढ्यावर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नसे. अशा संस्थेचं नाव तुमच्या अर्जात ‘उपक्रम’ म्हणून आलं तर समिती चौकशी करणार.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कलम अडचणीचं असेल तर येत्या सर्वसाधारण सभेत दुरुस्ती करून घ्या, ठरावाची प्रत आणि बदललेली घटना अर्जाला जोडा. मंडळाच्या वेबसाइटवरचं जुनं वाक्यही बदला. समितीतले लोक आधी तेच उघडतात. आणि काही कंपन्या ही सही दर वर्षी नव्यानं मागतात, तेव्हा पुढच्या खजिनदाराच्या फाइलमध्ये एक प्रत ठेवून द्या.